दिव्यांग मुलांच्या ओळखपत्रांसाठी एकदाच बोलवा, नाहीतर घरी या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांग मूल पंधरा वर्षांचं झालं की त्या घरात एकदम किती कागद येऊन पडतात हे ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांना माहीत नसतं, त्यात त्यांचा काही दोष नाही, पण म्हणूनच हे पत्र लिहितेय आणि लांबलं तरी छापा अशी विनंती आहे. पंधराव्या वर्षी आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन नव्याने द्यायचं. लहानपणी काढलेलं अपंगत्वाचं कागदी सर्टिफिकेट असेल तर ते ऑनलाइन करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, घ्यायचं. दहावीचा फॉर्म जवळ आलेला असतो, त्यात सवलत पाहिजे तर तेच सर्टिफिकेट पाहिजे. बँकेत खातं पाहिजे कारण योजनेचे पैसे आता थेट खात्यातच येतात. आणि अठरा पूर्ण होत आले की कायदेशीर पालकत्वाचा विषय. ही सगळी कामं एकमेकांत अडकलेली आहेत, एक अडलं की मागची सगळी अडतात, आणि प्रत्येक कामाचं ऑफिस वेगळं, वार वेगळा, रांग वेगळी.

माझं म्हणणं एकच आहे. या वयाच्या दिव्यांग मुलांना सगळ्या ओळखपत्रांसाठी एका जागी एकदाच बोलवा, आणि ज्याला घराबाहेर काढणंच अवघड आहे त्याच्या घरी या. यासाठी नवीन कायदा लागत नाही. बहुतेक सोयी नियमात आधीच लिहिलेल्या आहेत, फक्त त्या काउंटरपर्यंत पोचलेल्या नाहीत.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आई विड्या वळते, पप्पा आधी यंत्रमागावर होते आता एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, मी अकाउंटचं काम करते. माझा धाकटा भाऊ सोळा वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. हाताच्या मुठी आवळलेल्या असतात, मान स्थिर राहत नाही, डोळे एका जागी टिकत नाहीत. बोलतो पण सावकाश, नवीन माणसाला पटकन कळत नाही. त्याला मात्र सगळं समजतं. गणित चांगलं आहे, मॅच चालू असली की लागणारा रन रेट तोंडी काढून सांगतो, आणि घरातल्या कुणाचाच मोबाईल नंबर त्याला विचारावा लागतो, आमच्या कुणाच्या लक्षात राहत नाही.

तो सहा वर्षांचा होता तेव्हा पप्पा त्याला कडेवर घेऊन कुठंही जायचे, रिक्षात मांडीवर बसवायचे, जिना असला तरी काही वाटायचं नाही. आता तो मोठा झालाय, मिसरूड फुटलंय, वजन वाढलंय. व्हीलचेअरवरून रिक्षात आणि रिक्षातून परत व्हीलचेअरवर घ्यायला दोन माणसं लागतात म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. सोलापूरचं ऊन तर सगळ्यांना माहीत आहे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि त्याला फिटची गोळी चालू आहे, उन्हात जास्त वेळ झाला की आमचा जीव वर-खाली होतो. पण त्याला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू का, चार लोकांसमोर उचलून घेण्याचा. सोळा वर्षांच्या कुठल्याही पोराला होईल तसाच. रांगेत वर्गातली मुलं दिसली तर तो मान खाली घालून बसतो. लघवीला जायचं झालं तर ऑफिसातल्या संडासात खुर्ची जात नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. लहान दिव्यांग बाळाकडे लोक मायेने बघतात, पुढची जागा देतात, पण मोठा झालेला दिव्यांग मुलगा रांगेत आला की लोक नजर चुकवतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता आधारचं सांगते. मुलांचं आधार पाच वर्षांच्या आत काढलं तर त्यात ठसे नसतात, मग पाचव्या वर्षी आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक द्यावंच लागतं, पंधरा ते सतरा या वयात ते फुकट आहे. दहा बोटं, दोन डोळे आणि फोटो. आम्ही एका आधार केंद्रावर गेलो. तिथल्या मुलाने भावाची मूठ उघडायचा प्रयत्न केला, उघडेना म्हणून जोर लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, या आजारात हात झटक्याने ओढला की स्नायू आणखी आवळतात, तो मुद्दाम करत नसतो. भाऊ ओरडला, रांगेतली माणसं पुढं येऊन बघायला लागली, आणि शेवटी उत्तर काय तर "मशीन घेईना की ओ ताई, पोरगा शांत असेल तवा आणा." शांत असेल तेव्हा म्हणजे कधी? तो शांतच होता, हात उघडत नाही हेच तर त्याचं अपंगत्व आहे. डोळ्यांचंही तेच, त्या दुर्बिणीसारख्या मशीनमध्ये एक-दोन सेकंद नजर रोखून धरावी लागते आणि त्याची बुबुळं सतत हलत असतात.

तो ऑपरेटर मुलगा वाईट नव्हता, दमलेला होता, मागे मोठी रांग होती. पण त्याला कुणी हे शिकवलंच नव्हतं की अशा माणसांसाठी नियमात वेगळी पद्धत आहे. २०१६ च्या आधार नोंदणीच्या नियमावलीतच आहे. ज्याला बोटांचे ठसे देता येत नाहीत त्याचे फक्त डोळे घ्यायचे, ज्याचे डोळे घेता येत नाहीत त्याची फक्त बोटं घ्यायची, आणि दोन्ही शक्य नसेल तर दोन्हीशिवाय आधार होतं. सॉफ्टवेअरमध्ये अपवाद म्हणून नोंद करायची, कुठलं बोट किंवा डोळा मिळत नाही ते दाखवायचं, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा एक वेगळा फोटो काढायचा आणि केंद्राच्या सुपरवायझरने ते तपासून मान्य करायचं. एवढंच काम आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केरळमधल्या एका बाईंना हाताला बोटंच नाहीत म्हणून आधार मिळत नव्हतं ती बातमी देशभर गाजली होती, तेव्हा केंद्र सरकारने स्वतः जाहीर केलं की बोटं किंवा डोळे देऊ न शकणाऱ्या सुमारे २९ लाख लोकांना आत्तापर्यंत आधार दिलेलं आहे. म्हणजे ही सोय कागदावरची नाही, चालणारी आहे. मग सोलापुरातल्या एखाद्या केंद्रावर बसलेल्या माणसाला ती माहीत का नसावी?

आणि बोटांचे ठसे न उमटणं ही आपल्या गावाला काही नवीन गोष्ट आहे का? आमच्या भागातल्या कितीतरी बायका आयुष्यभर विड्या वळतात, तंबाखू आणि पान हाताळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून हात धुऊन, पदराला पुसून परत परत दाबत उभ्या असतात. माझी आई त्यातलीच. त्या दिवशी भावाचे ठसे येईनात म्हणून ऑपरेटर म्हणाला आईचा अंगठा द्या, तर तोही येईना. ज्या शहरात इतक्या कष्टकऱ्यांच्या बोटांवर रेषा राहिलेल्या नाहीत त्या शहरात तरी ठशाला दुसरा मार्ग काय आहे हे प्रत्येक केंद्राला पाठ असायला पाहिजे होतं.

नंतर दुसऱ्या एका केंद्रावर एक ताई होत्या, त्यांनी भावाकडे बघितलं आणि आधी त्यालाच विचारलं, "बाळा, हात दुखतोय का तुझा?" मग सुपरवायझरला हाक मारली, हातांचा फोटो घेतला, एका डोळ्याचं जमतंय का बघितलं, नाही जमलं तर अपवादात टाकलं, पावती दिली. चहा प्यायला जितका वेळ लागतो तितक्यात झालं. त्यांचं नाव लिहिलं तर त्यांना आवडेल की नाही माहीत नाही म्हणून लिहीत नाही, पण त्या हे वाचत असतील तर आमच्या घरातल्या सगळ्यांकडून त्यांना नमस्कार.

यूडीआयडीचा विषय जरा मोठा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट फक्त स्वावलंबन पोर्टल या सरकारी वेबसाइटवरूनच द्यायचं असा नियम झाला आणि केंद्राच्या योजनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून यूडीआयडी नंबर सक्तीचा झाला. कार्डावर टक्क्यांप्रमाणे रंग असतो, ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० पिवळा आणि ८० च्या वर निळा. भावाचं जुनं सर्टिफिकेट लहानपणीचं, हाताने लिहिलेलं, त्यावरचा शिक्का पण पुसट झालेला. आयुष्यभर न बदलणारं अपंगत्व त्यात लिहिलेलं असूनसुद्धा त्याला परत नव्याने तपासायला न्यावं लागलं. तपासणीला माझा विरोध नाही. पण जे मूल चालूच शकत नाही त्याला आधी अर्जाला या, मग तपासणीला या, मग आज डॉक्टर नाहीत परत या, असं का?

अर्जात पहिली अडचण नावाची. आमच्या भागात तेलुगू आडनावं भरपूर आहेत, कन्नड आहेत, ती मराठीत एक लिहितात आणि इंग्रजीत तीन प्रकारे लिहितात. शाळेच्या रजिस्टरला एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं, आधारला तिसरं. आमचं आडनाव मराठी असून आमचंही तेच झालं होतं, एक अक्षर जास्त. पोर्टलला आधारसारखंच नाव लागतं, मग आधी आधार दुरुस्त करा, त्याला जन्मदाखला पाहिजे. शेजारच्या काकूंची मुलगी मतिमंद आहे, चौदा वर्षांची, तिचं एवढ्या एका स्पेलिंगवरून अजून अडलंय आणि काकूंना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांना फॉर्मवर काय लिहिलंय हेच कळत नाही.

दुसरी अडचण फोटोची. फोटोत चेहरा सरळ पाहिजे, मागे पांढरं पाहिजे. ज्याची मान टिकत नाही त्याचा सरळ फोटो कसा येणार? आईने मागून डोकं धरलं तर फोटोत तिचा हात येतो आणि फोटो बाद. शेवटी आम्ही असं केलं की एक मोठी पांढरी चादर घेतली, ती भावाच्या मागे धरली, आई चादरीच्या मागे उभी राहिली आणि चादरीतूनच तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. फोटो चांगला आला. ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्यांनी करून बघा, उपयोग होईल म्हणून सांगितलं. पण खरं तर असा फोटो कसा काढायचा हे सरकारी केंद्रावरच माहीत पाहिजे.

मग मुदत. २०१७ च्या नियमात अर्ज केल्यापासून एका महिन्यात सर्टिफिकेट द्यायचं असं होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले आणि ती मुदत तीन महिने केली. मला हा बदल चुकीचा वाटतो. मोठ्या माणसाला तीन महिन्यांनी कदाचित फरक पडत नसेल पण दहावीच्या मुलाला पडतो. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक घ्यायचा, तासाला वीस मिनिटं जास्तीचा वेळ घ्यायचा, तर सर्टिफिकेट वेळेत शाळेत पाहिजे. परीक्षा कुणासाठी थांबत नाही. ज्याचा हात पेन धरू शकत नाही त्या मुलाला कार्ड आलं नाही म्हणून लेखनिक मिळाला नाही तर त्याचं वर्ष गेलं, आणि आमच्यासारख्या घरात एकदा वर्ष गेलं की शाळाच सुटते.

मधल्या काळात खोट्या सर्टिफिकेटची प्रकरणं पेपरात आली, नोकरीसाठी लोकांनी खोटी टक्केवारी दाखवली म्हणून. त्यांना जरूर पकडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलेलंच आहे. पण त्याचा राग खऱ्या मुलांवर निघायला लागला आहे. एका ठिकाणी भावाला व्हीलचेअरवर बघूनसुद्धा "उभा राहतो का बघू जरा" म्हणाले. पप्पांनी काखेत हात घालून त्याला उभं करून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण घरी आल्यावर मला म्हणाला, "अक्का, मी खोटं बोलत होतो काय?" यावर मी त्याला काय उत्तर द्यायचं होतं?

आणि ते एक वाक्य, जे जवळपास प्रत्येक ऑफिसात ऐकायला मिळतं, "याला कळतं का काही?" त्याच्या समोर उभं राहून, आईकडे बघून विचारतात. नाव काय, वय काय, शाळा कुठली, सगळं आईला. आई म्हणते त्यालाच विचारा, तो सांगतो. तर तो बोलायला सुरुवात करतो, एक शब्द यायला त्याला जरा वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा माणूस म्हणतो राहू दे राहू दे. कार्डावर नाव त्याचं, फोटो त्याचा, आणि अर्धं मिनिट थांबून त्याचं नाव त्याच्या तोंडून ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही. ज्यांना बोलताच येत नाही अशा मुलांचं काय होत असेल! त्यांच्याशी सुद्धा आधी बोललं पाहिजे, डोळ्यांनी, मानेने, हसून ती मुलं उत्तर देतात, त्यांच्या आयांना विचारा.

बँकेत गेलो तर सहीचा प्रश्न आला. सही येत नाही, अंगठा नीट उमटत नाही, मग खातं कसं उघडणार असं म्हणाले. तर याबद्दल पण रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. ज्याला सही करता येत नाही त्याचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार पाहिजेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी पाहिजे. पायाचा अंगठा चालतो हे मी सांगितलं तेव्हा समोरच्या साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मनाचं काही सांगतेय. मग त्यांनी आतल्या मॅनेजरला विचारलं आणि मग झालं. म्हणजे प्रत्येक वेळी घरच्या माणसाने नियम वाचून, पाठ करून, छापून न्यायचा. मी कॉलेज शिकलेली आहे, ऑफिसात बसून नेटवर शोधू शकते. विडी कारखान्यात माल द्यायला रांगेत उभी असलेली बाई हे कुठून शोधणार?

मोबाईलवर केवायसी करताना "डोळे मिचकावा" येतं तिथेही भाऊ अडकतो. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅसिड हल्ल्यातल्या आणि दृष्टिहीन लोकांच्या अर्जावर निकाल दिला, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, केवायसीची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी करा म्हणून. निकाल चांगला आहे. तो आमच्या गल्लीतल्या मोबाईलपर्यंत लवकर यावा.

पुढचा विषय अठराव्या वर्षाचा, आमच्या घरी त्यावर आत्तापासून बोलणं चालू आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर तिचे प्रमुख असतात, आणि त्या समितीकडून पालकत्वाचं सर्टिफिकेट मिळतं, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. हे किती आईवडिलांना माहीत आहे? पंचविशी-तिशी ओलांडलेली मुलं आहेत ज्यांच्या आईवडिलांनी हे नावसुद्धा ऐकलेलं नाही, आणि वडील वारले की मग बँकेत, वारसाच्या कामात सगळं अडकतं.

पण उलटं पण होऊ नये. आम्हाला एका ठिकाणी आत्ताच सांगून टाकलंय की अठरा झाला की पालकत्वाचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय खातं चालवता येणार नाही. का? त्याला समजतं सगळं. हात चालत नाही म्हणजे डोकं चालत नाही असं नाही. २०१६ च्या कायद्यात कलम १३ आणि १४ मध्ये स्पष्ट आहे की दिव्यांग माणसाला बाकीच्यांसारखाच स्वतःचा निर्णय घ्यायचा हक्क आहे, आणि गरज पडली तरी पालक म्हणजे त्याच्याशी बोलून, त्याच्या बरोबरीने निर्णय घेणारा, ठराविक कामापुरता. ज्या मुलांना खरंच गरज आहे त्यांच्या आईवडिलांना सर्टिफिकेट सोपं करून द्या, आणि ज्यांना नाही त्यांच्यावर ते लादू नका. भावाचं स्वतःचं म्हणणं आहे की माझ्या खात्याची सही मी करणार, पायाच्या अंगठ्याने का होईना.

आता मागणी परत नीट लिहिते. सोलापूर जिल्हा मोठा आहे, अकरा तालुके, करमाळा-माळशिरसच्या टोकाच्या गावातून शहरात यायचं तर शंभर किलोमीटरच्या वर. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे पण ती सवलत घ्यायला कार्ड पाहिजे आणि कार्ड काढायला एसटीने यावं लागतं. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी दर महिन्याला एक दिवस ठरवा, त्या दिवशी आधारचं मशीन, तपासणारे डॉक्टर, पोर्टलचा फॉर्म भरणारा माणूस, बँकेचा माणूस आणि राष्ट्रीय न्यास समितीचा फॉर्म घेणारा, सगळे एका हॉलमध्ये असू द्या. हॉल तळमजल्यावर पाहिजे. जिन्यावरून उचलून न्यायची वेळ येऊ नये. सरकारी इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला कायद्याने पाच वर्षं दिली होती, नियम जून २०१७ मध्ये आले म्हणजे ती मुदत २०२२ लाच संपली. खुर्ची जाईल असा एक संडास पाहिजे, पंखा आणि पाणी पाहिजे, मुलाला आडवं करता येईल असा एक पलंग पाहिजे, कारण मोठ्या मुलाचं डायपर बदलायला आईला कुठंतरी आडोसा लागतो आणि हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारं कुणीतरी तिथं असावं. यायची वेळ आधी फोनवर ठरवून द्यावी.

आणि जे येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी जावं. शक्य नाही असं म्हणू नका. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असलेल्या मतदारांचं आणि ८५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांचं मत घ्यायला निवडणुकीची माणसं घरी जात होती, फॉर्म १२ डी भरला की पथक येऊन मत घेऊन जायचं. मतासाठी घरी जाता येतं तर ज्या ओळखपत्रावर तो मुलगा उद्या मतदार होणार आहे त्या ओळखपत्रासाठी पण जाता आलं पाहिजे. आधारवाल्यांची घरी येऊन काम करायची सोय आहेच, पण त्याला ७०० रुपये फी आहे. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या घरात ७०० रुपये लहान रक्कम नाही. दिव्यांग मुलांसाठी ती फी माफ करावी, नाहीतर महापालिकेने, जिल्हा परिषदेने दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या निधीतून ती भरावी. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग सुरू केला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात दिव्यांग माणसं २९ लाख ६३ हजार होती, त्यानंतर मोजलीच नाहीत आणि आता तर प्रकार सातावरून एकवीस झालेत. त्या विभागाने हे एक काम हातात घ्यावं, सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून केली तरी चालेल.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक वेगळं मागणं आहे. कृपा करून तुमच्या पेपरात एक छोटी चौकट छापा, मोठ्या अक्षरात. बोटं किंवा डोळे देता येत नसतील तरी आधार होतं, ऑपरेटरने अपवाद म्हणून नोंद करून सुपरवायझरला दाखवायचं, नाही केलं तर १९४७ या नंबरवर तक्रार करायची. सही येत नसेल तर बँकेत हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. अठरा झाल्यावर पालकत्वासाठी कलेक्टरांची समिती आहे. एवढं छापलं तरी लोक ते कात्रण कापून खिशात ठेवतील आणि काउंटरवर दाखवतील, आमच्याकडे छापलेल्या कागदाला अजून मान आहे. शेजारच्या काकूंसाठी मी पहिलं कात्रण काढून ठेवणार आहे, आणि जमलं तर तीच चौकट तेलुगूत पण छापा, त्यांना वाचता येईल.

आपली,
एक बहीण
पूर्व भाग, सोलापूर